कोट आमचाच होता

सासऱ्यांना स्टँडवरून आणायला मी एकटा जातो, असं मी त्या दिवशी सकाळी दाढी करता करता सहज म्हणालो आणि बायकोच्या हातातला टॉवेल खाली पडला.

"तुम्ही?"

"मी."

"एकटे?"

"एकटा. त्यात काय एवढं?"

तिनं टॉवेल उचलला आणि आरशाखालच्या फळीवरचे ब्रश, कंगवा आणि साबण एका रेषेत लावायला सुरुवात केली. आमच्या घरात ही वादळाची सूचना असते. बायको रागावली की बोलत नाही, वस्तू सरळ करते. वस्तूची कड कडेला लागली की नाकातून एक छोटासा श्वास सोडते आणि पुढच्या वस्तूकडे वळते. कधी कधी सगळं घर सरळ होतं, तरी तिचा राग शिल्लक असतो.

तिच्या काळजीला कारण आहे. मला चेहरे ओळखता येत नाहीत.

म्हणजे दिसतात. डोळे उत्तम आहेत. मी एका लाँड्रीच्या काउंटरवर बसतो आणि कॉलरवरचा शाईचा ठिपका गिऱ्हाईक दारात असतानाच हेरतो. समोरच्याचं नाक मला दिसतं, भुवया दिसतात, तो हसला की हसलेला कळतो, रुसला की रुसलेला. फक्त या सगळ्याची बेरीज होऊन 'हा अमुक' असं उत्तर काही येत नाही. आणि मान वळवली की पाहिलेलं होतं नव्हतं तेही पुसलं जातं. डॉक्टरांनी याला एक लांबलचक नाव सांगितलं. (ते नाव मात्र माझ्या पक्कं लक्षात आहे.)

आमच्याकडे पांढऱ्या चादरींचे ढीग येतात. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात खूण शिवलेली असते, म्हणून ती ज्याची त्याच्याकडे परत जाते. तुमच्यासाठी माणसांची खूण त्यांच्या चेहऱ्यावर असते. माझ्यासाठी ती सगळ्यांचीच उसवलेली आहे. मग मी दुसरीकडे शोधतो. चालणं, आवाज, केस, खोकला आणि मुख्य म्हणजे कपडे. कपड्यांच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही. एरवी मात्र आनंदच आहे. आमच्या मालकांनी मिशी काढली आणि नवा शर्ट घातला त्या दिवशी मी त्यांना काउंटरच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. (माझ्या दक्षतेचं त्यांनी कौतुक केलं, पण जरा उशिरानं.)

तरीही मी चारचौघांत वावरतो, तो केवळ बायकोच्या जिवावर. रस्त्यानं चालताना ती ओठ न हलवता पुटपुटत असते, "समोरून निळा स्वेटर, तुमची मावसबहीण, गुडघ्याचं विचारा." घरातल्या घरात खोलीत शिरतानासुद्धा "मीच" म्हणून शिरते. बाजारात गर्दी असली की डोक्याला नारिंगी स्कार्फ बांधते, भर उन्हाळ्यातही. कोणी विचारलंच तर सर्दी झाली म्हणून सांगते. तिला कधीही सर्दी होत नाही. याबद्दल आभार मानायला गेलं की "पुरे" म्हणते आणि कामाला लागते, त्यामुळे माझे सगळे आभार आत साठून राहिलेले आहेत.

तिच्या वडिलांना मात्र हे प्रकरण कधी पटलं नाही. लग्नाच्या दिवशी मी त्यांना 'आपण मुलीकडचे का?' असं विचारलं होतं. तेव्हापासून जावई घमेंडखोर आहे हे त्यांचं ठाम मत. "चेहरे ओळखता येत नाहीत म्हणे," ते म्हणायचे, "जेवणाची वेळ बरी ओळखता येते."

सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहत होते. गेल्या हिवाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि शेजाऱ्यांनी दार ठोठावेपर्यंत तसेच गार फरशीवर पडून राहिले. त्या दिवसापासून बायकोची झोप उडाली. "इकडे राहायला या," म्हणून तिनं किती आर्जवं केली. शेवटी परवा ते फोनवर म्हणाले, "येऊन बघतो. पण जिथं जावई मला ओळख देत नाही तिथं माझं जमायचं नाही. तसं वाटलं तर परतीच्या बसनं माघारी."

म्हणूनच मला जायचं होतं. जावयानं स्वतः यावं, पुढं होऊन बॅग घ्यावी, 'बाबा' म्हणून हाक मारावी. एवढं जमलं की बायकोला झोप.

"मी त्यांना सांगते, रुमाल हलवत उभे राहा," ती म्हणाली.

"सासऱ्यांनी जावयासाठी रुमाल हलवायचा? मग झालंच. काही सांगू नकोस. त्यांचा कोट मला पाठ आहे."

हे खोटं नव्हतं. सासऱ्यांचा तपकिरी कोट दरवर्षी आमच्याच लाँड्रीत येतो. त्याचं तिसरं बटण तुटलं तेव्हा तपकिरी मिळेना म्हणून मी स्वतः काळं बसवलं होतं. असा कोट जगात दुसरा नाही.

"त्यांना सर्दी झालीय," बायको दारातून म्हणाली. "घसा पार बसलाय. आवाजावर जाऊ नका."

"मी कोटावर जाणार आहे," मी म्हणालो आणि लाँड्रीची व्हॅन काढली.

स्टँडच्या हॉलमध्ये शिरलो आणि समोरच्या बाकावर कोट. तपकिरी, तिसरं बटण काळं. कोटाच्या वरच्या बाजूला मफलर गुंडाळलेलं एक वयस्कर डोकं होतं, शेजारी सासऱ्यांची हिरवी सूटकेस आणि तिच्याजवळ आणखी एक छोटी बॅग. दोन बॅगा. माणूस बघायला येतो तेव्हा एक बॅग आणतो, राहायला येतो तेव्हा दोन. माझी छाती फुगली.

"बाबा, चला," मी म्हणालो.

"आलात का?" बसलेल्या घशातून आवाज आला. "मला वाटलं, कोणी येतच नाही."

"असं कसं? मी स्वतः आलो."

"पण चहा..."

"चहा घरीच. सगळी तयारी आहे."

ते निमूटपणे उठले. मी त्यांना हात देऊन व्हॅनमध्ये बसवलं आणि बॅगा आणायला परत आलो. दोन हातांत दोन बॅगा घेऊन निघालो, तर दारातच एका म्हाताऱ्या गृहस्थांना धडकता धडकता वाचलो. त्यांच्या दोन्ही हातांत चहाचे कागदी कप आणि एवढ्या थंडीत अंगावर नुसता पांढरा शर्ट. माझ्याकडे बघून त्यांनी तोंड उघडलं, पण त्यातून शब्द काही बाहेर पडेना. मला त्यांची दया आली.

"सांभाळून हं आजोबा, सांडेल," मी हसून म्हणालो आणि पायानं दार अडवून त्यांना आत जायला वाट करून दिली. (आमच्यावर संस्कार चांगले आहेत.)

व्हॅनमध्ये सासऱ्यांनी एकदा मागं वळून पाहिलं. मागं चादरींचे गठ्ठे होते. "सगळं आलं ना?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही बॅगा आल्या. काळजी करू नका."

"व्यवस्था चांगली आहे तुमची," ते म्हणाले. "आणि गाडी किती सावकाश चालवता. हल्ली असं कोण चालवतं?"

सासऱ्यांनी माझं कौतुक करण्याची ही पहिलीच वेळ. घर येईपर्यंत मी त्यांना तीन वेळा बाबा म्हटलं आणि प्रत्येक वेळी त्यांनी प्रेमानं मान डोलावली. इतकी वर्षं उगाच या माणसाला घाबरलो, असं वाटून गेलं.

बायकोनं दार उघडलं. तिच्या तोंडावर मोठं हसू होतं. ते तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. मी बाजूला झालो, सासरे आत गेले आणि सोफ्यावर टेकले.

"हे कोण?" बायकोनं हळूच विचारलं.

"कोण म्हणजे? बाबा."

"कोणाचे?"

"असं काय करतेस? तुझे."

"माझे नाहीत."

"नीट बघ."

"मी नीट बघू?" ती म्हणाली.

मी थोडा सावरलो. "अगं, कोट बघ. तिसरं बटण बघ."

"बटण बाबांचंच आहे. माणूस त्यांचा नाही."

एवढ्यात सोफ्यावरून बसका, पण समाधानी आवाज आला, "प्रशस्त आहे हो लॉज. अगदी घरगुती वाटतं. गरम पाणी किती वाजता येतं?"

बायकोनं वडिलांना फोन लावला. कोट वाजू लागला. सोफ्यावरच्या गृहस्थांनी आतल्या खिशात हात घातला, फोन बाहेर काढला, त्याच्याकडे नवलानं पाहिलं आणि कानाला लावला.

"हॅलो," ते म्हणाले.

"हॅलो," त्यांच्यासमोर उभी राहून बायको म्हणाली.

मग हळूहळू उलगडा झाला. मफलरकाका (त्यांना आता दुसरं काय म्हणणार) मुलाकडे आले होते. मुलाचं घर लहान, म्हणून त्यानं लॉजवर खोली घेतली होती आणि लॉजचा माणूस गाडी घेऊन स्टँडवर येईल असं कळवलं होतं. बसमध्ये त्यांना हुडहुडी भरली, तेव्हा शेजारच्या भल्या गृहस्थांनी आपला कोट काढून त्यांच्या अंगावर घातला. स्टँडवर उतरल्यावर तेच गृहस्थ 'बसा, माझ्या बॅगेवर लक्ष ठेवा, तुमच्यासाठी चहा आणतो' म्हणून गेले. आणि मी आलो. गाडीत चादरींचे गठ्ठे म्हणजे गाडी लॉजचीच.

"तुम्ही त्यांची बॅगही उचललीत," मफलरकाका म्हणाले, "मला वाटलं, त्यांचीही खोली तुमच्याकडेच आहे. येतील मागून."

माझ्या डोळ्यांसमोर चहाचे दोन कप आले. पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय होतं ते तेव्हा कळलं.

"ते मला भेटले," मी म्हणालो.

"कोण?"

"बाबा. दारात."

"तुम्ही काही बोललात त्यांच्याशी?"

"सांडेल म्हणालो."

"आणखी?"

"आजोबा म्हणालो."

खाली वाकून बायको दारातल्या चपला एका रेषेत लावू लागली.

आम्ही तिघं तसेच निघालो. वाटेत बायको एकच वाक्य बोलली, "परतीची बस लागली असेल." मफलरकाका कोटाच्या बाह्या कुरवाळत अपराध्यासारखे बसले होते. त्यांना मी धीर देणार होतो, पण मलाच कोणीतरी द्यायला हवा होता. आता सासऱ्यांना काय वाटलं असेल? जावयानं तोंडाकडे बघितलं, आजोबा म्हटलं, हातात त्यांची सूटकेस घेतली आणि एका परक्या म्हाताऱ्याला घरी घेऊन गेला. असा अपमान मीही गिळला नसता.

स्टँडवर पोचताच बायको बसकडे धावली. धावता धावता म्हणाली, "मी बसमध्ये बघते, तुम्ही हॉलमध्ये बघा." मग आपण कोणाला काय सांगितलं ते लक्षात येऊन क्षणभर थबकली. "बघा तरी," ती म्हणाली आणि गेली.

मी हॉलमध्ये उभा राहिलो. हॉल म्हाताऱ्या माणसांनी भरलेला. पांढरे शर्ट कितीतरी. चहाचे कप तर सगळ्यांच्याच हातांत. कोट माझ्या व्हॅनमध्ये, आवाज बसलेला, बसलेल्या माणसाची चाल कशी बघणार? मी एकेक चेहरा पाहत गेलो. सगळे स्वच्छ दिसत होते. एकाचं नाक बाकदार, एकाच्या कपाळावर आठ्या, एकाच्या गालावर तीळ. सासऱ्यांना तीळ आहे का, हे मला आठवेना. यांतला एक माझ्या बायकोचा बाप होता, आणि मी त्याला ओळखलं नाही तर तो पुन्हा त्या गार फरशीच्या घरात एकटा राहायला जाणार होता. या माझ्या व्यंगावर मी आयुष्यभर विनोद केले आहेत. त्या हॉलमध्ये मला रडू येत होतं.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाकाकडे लक्ष गेलं. तिथल्या गृहस्थांनी आपल्याशेजारी दोन कप ठेवले होते. एक त्यांनी किंचित पुढं सरकवला. मग दुसरा. मग दोन्ही कप बाकाच्या कडेला बरोबर समांतर झालेत का ते वाकून पाहिलं, आणि नाकातून एक छोटासा श्वास सोडला. मग बाकावरचं वर्तमानपत्र घेतलं आणि त्याचे कोपरे जुळवायला लागले.

हा राग माझ्या रोजच्या पाहण्यातला होता. त्या रागाशी मी लग्न केलेलं आहे. मी जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"बाबा," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. घशातून जेमतेम आवाज आला. "आता कसं ओळखलंत? कोट तर नाही."

काहीतरी गोड बोलावं असं मनात आलं, पण सुचलं नाही. "रागावरून," मी म्हणालो. "आमच्याकडे अगदी असाच असतो. आत्ताच चपला सरळ करून झाल्यात."

त्यांनी हातातल्या वर्तमानपत्राकडे पाहिलं. मग कपांकडे. त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं ते रडतायत, पण ते हसत होते. आवाज नसल्यामुळे नुसतेच हलत होते.

"हिची आईसुद्धा म्हणायची, सरळ करायला घरात काही शिल्लक ठेवत नाही म्हणून," ते म्हणाले. मग मला शेजारी बसवून घेत म्हणाले, "दारात तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून 'सांडेल' म्हणालात ना, तेव्हा आधी तळपायाची आग मस्तकात गेली. मग इथं बसून विचार केला. इतका बेमालूम अभिनय करायचा तर माणूस हुशार लागतो."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"तेव्हा पटलं. तुम्हाला खरंच ओळखता येत नाही. आणि तरी एकटे आलात." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "त्या बिचाऱ्याला न्यायला कोणी आलं नाही. बसमधून उतरल्यापासून दाराकडे डोळे लावून होता. मला न्यायला आलेला माणूस त्याला घेऊन गेला. म्हटलं, कोणाला तरी नेलं ना. माझ्यासाठी परत येईल."

"मग राग कसला?"

"चहा गार झाला," सासरे म्हणाले.

बायको धापा टाकत आली, तिनं आम्हा दोघांना एका बाकावर बसलेलं पाहिलं आणि ती वडिलांच्या पलीकडे बसली. डोक्याला नारिंगी स्कार्फ होता. त्या घाईतही तिनं तो आठवणीनं बांधला होता. तिच्याकडे पाहून मला इतकं भरून आलं, की तिथल्या तिथं आभार मानणार होतो. तिनं आधीच "पुरे" म्हटलं.

लॉजचा माणूस अजूनही उगवला नव्हता, तेव्हा मफलरकाकांनाही आम्ही जेवायला घरी आणलं आणि दुपारी लॉजवर सोडलं. "छान आहे," खोली पाहून ते म्हणाले, "पण तुमच्याइतका प्रशस्त नाही."

सासरे राहिले. त्यांची दुसरी बॅग पुढच्या आठवड्यात आली. बायको आता गाढ झोपते, घोरतेसुद्धा. तो आवाज मला फार आवडतो. सासऱ्यांनी मला नवी सवय लावली आहे. मी खोलीत शिरलो की ते बसल्या जागेवरून "सासरे" एवढंच म्हणतात आणि मी "जावई" म्हणतो. एकदा त्यांनी केस बारीक केले, तर न्हाव्याच्या दुकानातून फोन करून कळवलं. ज्या माणसाला मी घमेंडखोर वाटत होतो तो माझ्यासाठी एवढं करतो, हे आठवून मला काउंटरवर बसल्या बसल्या गहिवरून येतं. गिऱ्हाइकांना वाटतं, साबणाचा त्रास होतोय.

मफलरकाकांनी मुलाच्या घराजवळच एक खोली घेतली आणि दर रविवारी ते सासऱ्यांशी पत्ते खेळायला येऊ लागले. परवाच्या रविवारी मी बाहेरून आलो. खिडकीपाशी तपकिरी कोट पाठमोरा उभा होता, खुर्चीत वर्तमानपत्राआड पाहुणे बसले होते. 'सासरे' अशी हाक काही आली नाही. म्हटलं, आता ओळख इतकी मुरली, की त्यांना गरज वाटली नसेल. मन भरून आलं आणि साठलेलं सगळं बाहेर पडलं.

"बाबा," मी म्हणालो, "आज बोलून टाकतो. तुम्ही राहिलात म्हणून ती झोपते. इतकी वर्षं तिनं मला सांभाळून घेतलं, आता तुम्हीही घेता. मला एकही चेहरा लक्षात राहत नाही, पण तुम्ही दोघांनी माझ्यासाठी काय केलं ते सगळं लक्षात आहे. तुमच्यासारखे सासरे मिळायला भाग्य लागतं."

कोट सावकाश वळला. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि डोळे टिपले.

"फार छान बोललात हो," कोट म्हणाला. "पण गरम पाणी किती वाजता येतं?"

खुर्चीतलं वर्तमानपत्र खाली आलं. "त्यांना गार वाटत होतं म्हणून दिला," सासरे म्हणाले. "मध्ये बोललो असतो तर तुमचं भाषण अर्धवट राहिलं असतं. आता तेच सगळं एकदा इकडे तोंड करून म्हणा."